गृहशिक्षणातील बालग्रंथ आणि झाडीपट्टीचा निसर्ग

लहान मुलांना घरी शिकविण्याकरिता कोणते ग्रंथ जवळ ठेवावेत, या प्रश्नाचे उत्तर मराठीत सामान्यतः यादीच्या रूपाने दिले जाते. निसर्गविषयक दोन-चार पुस्तके, बालगीतांचे काही संग्रह आणि एखादा कोश अशी या यादीची ठराविक घडण असते. यादी करणाराच्या डोळ्यांपुढे बहुधा पुणे-मुंबईकडील मूल असते. गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या घरात तीच यादी नेली असता ती कितपत उपयोगी पडते, हे पाहणे भाषाभ्यासाच्या दृष्टीने उद्बोधक ठरते. येथे विचार तीन ते आठ वर्षांच्या मुलांपुरता मर्यादित आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची वयोमर्यादा सहाव्या वर्षापासून सुरू होते. त्यापूर्वीची वर्षे तर बव्हंशी घराचीच असतात, आणि शाळेत जाणाऱ्या मुलाचेही निसर्गाचे व शब्दांचे पहिले शिक्षण घरीच होत असते.

प्रथम प्रदेशाविषयी. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा भाताचा आणि तलावांचा आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय, नागझिऱ्याचे अरण्य, गावोगावचे मालगुजारी तलाव आणि लहानमोठ्या बोड्या यांच्या सान्निध्यात येथील मूल वाढते. महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झालेला सारस पक्षी येथील भातशेतीत अद्याप जोडीने वावरताना दिसतो. निसर्गाची ओळख करून देणाऱ्या पुस्तकाला याहून अनुकूल वाचक मिळणे कठीण. परंतु तेच पुस्तक मुलाच्या हाती पडते तेव्हा त्यात भाताची 'खाचरे' असतात आणि 'लावणी' असते. मुलाच्या घरी 'बांधी' असते, 'रोवणी' असते, आणि रोवणीकरिता 'पऱ्हे' उपटले जातात. पुस्तकात 'टेंभुर्णी', घरात 'तेंदू'. ज्या वस्तू मुलाने रोज पाहिल्या त्याच वस्तू पुस्तकात परक्या नावाने भेटतात. परिणामी पुस्तकातील निसर्ग हा दुसऱ्या कोठला तरी निसर्ग होय, असा मुलाचा समज होण्याचा संभव असतो.

काव्याची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि तिचा विचार सावकाश केला पाहिजे. विंदा करंदीकरांचा 'राणीची बाग' हा संग्रह १९६१ चा. त्याचे नाव भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयावरून आलेले आहे. वरवर पाहता, ज्या मुलाच्या गावापासून व्याघ्रप्रकल्पाची सीमा काही कोसांवर आहे, त्याला मुंबईच्या पिंजऱ्यातील प्राण्यांच्या कविता वाचून दाखविणे हा विपर्यासच वाटेल. अशी हरकत घेणारे पालक आणि शिक्षक आढळतातही. परंतु ही हरकत कवितेला पाठ्यविषय समजण्यातून उद्भवते. करंदीकरांचे प्राणी प्राणिशास्त्रातील नव्हेत. ते माणसासारखे बोलतात, रुसतात, फुशारकी मारतात, आणि त्यांच्या बोलण्यातील तर्क उलटा चालतो म्हणून मूल हसते. 'एटू लोकांचा देश' मध्ये तर ओळखीच्या जगाचा आधारही जाणूनबुजून काढून घेतलेला आहे. अशा कवितेला स्थळ नसते, तिला नाद असतो. म्हणून निसर्गाच्या पुस्तकात जी अडचण 'खाचर' या एका शब्दाने उभी राहते, ती येथे उभी राहत नाही. उलट, बालकवितेच्या नावाखाली ऋतू, फुले आणि चांगल्या सवयी यांची माहिती यमकांत बसविणारे जे लेखन विपुल प्रमाणात छापले जाते, ते प्रदेश बदलताच निष्प्रभ होते, कारण त्यात माहितीवाचून दुसरे काही नसते.

नादाचा मुद्दा आला म्हणजे उच्चाराचा प्रश्न आलाच. झाडीबोलीत 'ण' च्या जागी 'न', 'ळ' च्या जागी 'र' आणि 'श' च्या जागी 'स' ऐकू येतो. आपला उच्चार 'अशुद्ध' आहे या समजुतीने अनेक आया मुलापुढे कविता मोठ्याने वाचण्यास संकोचतात, आणि ते काम शिकल्या-सवरलेल्या काकाकडे किंवा ध्वनिफितीकडे सोपवितात. हा संकोच भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. दोन ध्वनी एकमेकांत सरसकट विलीन झाले असता छापील कवितेतील एकही यमक मोडत नाही. जे शब्द प्रमाण उच्चारात जुळतात ते या उच्चारातही जुळतातच. 'बाळ' आणि 'काळ' हे 'बार' आणि 'कार' झाले तरी त्यांचे नाते अबाधित राहते. इतकेच नव्हे, तर जी यमके प्रमाण मराठीत संभवत नाहीत ती येथे नव्याने निर्माण होतात. 'पान' आणि 'बाण', 'वारा' आणि 'काळा', 'घास' आणि 'आकाश' या जोड्या झाडीबोलीच्या कानाला निर्दोष यमके होत. मात्रांच्या संख्येतही या बदलाने काही फरक पडत नाही. तात्पर्य, आईने आपल्या बोलीच्या उच्चारात करंदीकर वाचल्याने कवीची हानी काहीच होत नाही. मूल पुढे स्वतः जुळवाजुळव करू लागले म्हणजे त्याच्यापाशी यमकांचा साठा पुण्याच्या मुलापेक्षा थोडा अधिकच असतो. 'ण' आणि 'न' यांतील लेखनभेद मूल डोळ्याने शिकते, आणि त्याला सातव्या-आठव्या वर्षी अवसर आहे. अर्थात् हा युक्तिवाद विलीनीकरण सरसकट असेल तेथेच लागू पडतो. जेथे शाळेच्या प्रभावाने एका शब्दात 'ळ' आणि दुसऱ्यात 'र' असा संमिश्र उच्चार रूढ झालेला आहे, तेथे क्वचित् यमक लंगडते.

निसर्गग्रंथांकडे परत वळले असता मारुती चितमपल्ली यांच्यापाशी थांबावे लागते. वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला काढलेली वर्षे त्यांच्या लेखनाचा मोठा आधार होत, आणि त्यामुळे या जिल्ह्याचा निसर्ग मराठी गद्यात जितका आला आहे तितका फार थोड्या जिल्ह्यांचा आला असेल. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' त्याच्याच शेजारी ठेवण्याजोगे आहे. यांपैकी एकही पुस्तक मुलांकरिता लिहिलेले नाही, आणि हाच त्यांचा गुण म्हणावा लागेल. त्यांतील लेखक मुलाशी लाडे लाडे बोलत नाही. सहा वर्षांच्या मुलाला माडगूळकरांचे छोटे, कोरडे वाक्य ऐकून समजते. चितमपल्लींचे परिच्छेद मात्र निवडूनच वाचावे लागतात. त्यांच्या निरीक्षणाबरोबर दंतकथा, संस्कृत ग्रंथांतील उल्लेख आणि अद्भुत गोष्टी एकाच स्वरात येतात. प्रौढ वाचक त्यांतील भेद ओळखतो, पण मुलाला तो सांगावा लागतो. त्यांनी रूढ केलेल्या 'काकागार', 'सारंगागार' यांसारख्या संज्ञा रचनेने शुद्ध आहेत. परंतु त्या फोडून दाखविल्याशिवाय मुलाच्या हाती काही लागत नाही. 'सारस' या शब्दाची फोड मात्र मुलाला सहज पटते: सरस् म्हणजे तळे, आणि तळ्याचा तो सारस. बोडीच्या काठी उभे राहून ही व्युत्पत्ती सांगता येते, हे भाग्य फार थोड्या शब्दांचे.

दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) चैत्रापासून मासक्रमाने रचलेले आहे. त्याची भाषा मुलांची नव्हे. पण पालकाने महिन्याचा लेख स्वतः आधी वाचावा आणि मग मुलाबरोबर बाहेर पडून आपल्याकडील मोह, पळस त्याच्याशी ताडून पाहावेत, असा त्याचा उपयोग उत्तम होतो. फरक आढळला की चर्चेला आरंभ होतो.

संदर्भग्रंथांची बाजू सर्वांत दुबळी आहे. चितमपल्लींचा 'पक्षिकोश' असो वा १९७६ पासून खंडशः निघालेला मराठी विश्वकोश असो, कोश नावाकडून वस्तूकडे जातो. मुलाची वाट नेमकी उलट असते. त्याने पक्षी पाहिलेला असतो, नाव त्याला ठाऊक नसते. आणि असले तरी ते घरचे नाव असते, नोंदीचे नव्हे. अकारविल्हे रचना अशा वाचकापुढे दार बंद करते. सालिम अलींच्या १९४१ च्या पक्षिग्रंथाचे यश पुष्कळसे रंगीत चित्रांत होते, हे येथे आठवावे. या प्रदेशासाठी बालकोश करावयाचा झाल्यास त्याची विभागणी बोडी, बांधी, बांध, आंगण आणि जंगल अशी स्थळवार असावी, चित्राखाली प्रथम बोलीतील नाव व नंतर प्रमाण नाव यावे, आणि अकारविल्हे सूची शेवटी असावी. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या शब्दसंग्रहाचे जे काम केले आहे ते अशा कोशाला पाया पुरवू शकेल. तोपर्यंत घरातील कोश पालकाने वापरावयाचा आणि त्याच्या समासात घरची नावे पेन्सिलीने लिहावयाची, एवढाच मार्ग उरतो.

पोवारी बोलणाऱ्या घरांत वरील विवेचन थोड्याफार फरकाने लागू पडेल. देवरी-सालेकसा भागातील गोंडी घरांत ते लागू पडत नाही. गोंडी ही द्राविडी भाषा असल्याने तेथे प्रश्न उच्चारभेदाचा नसून भाषांतराचा आहे. करंदीकरांची कविता तेथे दुसऱ्या भाषेची म्हणूनच येईल, आणि चित्राखालचे पहिले नाव गोंडीतच द्यावे लागेल.