अ‍ॅक्टर्स स्टुडिओची अभिनयपद्धती : भावस्मृतीच्या मर्यादा

मराठी नाट्यविषयक लेखनात स्तानिस्लाव्हस्की आणि ‘मेथड’ ही नावे पुष्कळदा एकाच अर्थाने येतात. त्यांतील अंतर समजून घेण्यासाठी न्यूयॉर्कच्या अ‍ॅक्टर्स स्टुडिओचे प्रशिक्षण तपासून पाहणे आवश्यक ठरते. एलिया कझान, शेरिल क्रॉफर्ड आणि रॉबर्ट लुईस यांनी १९४७ मध्ये ही संस्था स्थापन केली; परंतु तिला वैचारिक रूप दिले ते ली स्ट्रासबर्ग यांनी. १९५१ पासून १९८२ मध्ये निधन होईपर्यंत ते तिचे कलासंचालक होते. ही संस्था रूढ अर्थाने विद्यालय नव्हे. चाचणीतून निवडलेल्या व्यावसायिक नटांनी शुल्काविना, अपयशाची धास्ती न बाळगता सराव करावा, ही तिची मूळ भूमिका होय.

सरावाचा प्रारंभ शरीर सैल सोडण्यापासून होतो. नंतर हातात नसलेल्या कॉफीच्या पेल्याची ऊब, वजन आणि वास यांचा इंद्रियांद्वारे पुनःप्रत्यय घ्यायचा. याच वाटेने नट स्वतःच्या आयुष्यातील एखादा तीव्र प्रसंग जागवतो आणि त्यातून उमटलेली भावना भूमिकेला देतो. ठरावीक हावभावांच्या साच्यातून नटाला सोडवणारी ही साधना आहे, हे निर्विवाद. मात्र येथेच मूलभूत प्रश्न उद्भवतो : प्रेक्षकासमोर येणारे दुःख पात्राचे की नटाचे?

हा आक्षेप नवा नाही. ग्रुप थिएटरमधील स्टेला अ‍ॅडलर यांनी १९३४ मध्ये पॅरिस येथे स्तानिस्लाव्हस्कींकडे काही आठवडे अध्ययन केले. परतल्यावर त्यांनी सांगितले की, भर भावस्मृतीवर नव्हे, तर संहितेतील परिस्थिती, कल्पनाशक्ती आणि कृती यांवर असावा. स्ट्रासबर्ग यांना तो मान्य झाला नाही. १९२०च्या दशकात बोलेस्लाव्हस्की आणि उस्पेन्स्काया यांच्याकडून त्यांना मिळालेला स्तानिस्लाव्हस्की आरंभकाळातला होता. स्वतः स्तानिस्लाव्हस्की मात्र शारीरिक कृतींच्या विचारापर्यंत पुढे गेले होते. (‘मेथड’चे प्रतीक मानले गेलेले मार्लन ब्रँडो आपल्या घडणीचे श्रेय अ‍ॅडलर यांनाच देत, हेही लक्षणीय.)

या पद्धतीला चित्रपटात मोठे यश लाभले, यात आश्चर्य नाही. समीपदृश्यात नटाचा एकट्याचा अंतर्मुख क्षण पुरेसा ठरतो. कॅमेरा जवळ असल्याने आवाज फेकावा लागत नाही. रंगभूमीची मागणी निराळी. स्टुडिओने १९६४ मध्ये चेखव्हचे ‘थ्री सिस्टर्स’ स्ट्रासबर्ग यांच्याच दिग्दर्शनाखाली सादर केले आणि १९६५ मध्ये लंडनला नेले. तेथील समीक्षकांनी त्यावर कठोर टीका केली. चेखव्हच्या नाटकात पात्रे परस्परांचे ऐकत नाहीत, पण नटांना मात्र परस्परांचे अत्यंत काटेकोरपणे ऐकावे लागते. आणि स्वतःच्या स्मृतीत उतरलेल्या नटाला नेमके हेच अवघड जाते.