विहाराची डागडुजी

अजिंठ्याच्या चित्रांवर मराठीत कौतुकाचे लिखाण उदंड झाले. पण ती ज्या भिंतींवर आहेत त्या बहुतेक विहारांच्या, म्हणजे भिक्खूंच्या राहत्या जागेच्या भिंती आहेत, ही गोष्ट त्या कौतुकात हरवते. शब्दच पाहा. आपण म्हणतो 'लेणी'. लेणे म्हणजे दागिनाही. आणि दागिन्यासारखीच त्यांची डागडुजी होत आली : झळाळी राखायची.

१९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी भिंतीला धरवला, हे ऋण मान्यच केले पाहिजे. पण चित्रांवर त्यांनी लाखेचे रोगणही चढवले. ते पुढे पिवळे पडले आणि रंग त्याखाली गुदमरले. त्याआधी ग्रिफिथ्सनेही नकलांसाठी वार्निश फासलेच होते. मग पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांच्या वाट्याला काम आले ते ही दुरुस्ती खरवडण्याचे!

धामणगाव बढेहून अजिंठ्याचा डोंगर लांब नाही. तरी माझे वडील तिथे प्रथम गेले ते मी प्राध्यापक झाल्यावर. जन्मभर त्यांनी रोजगार हमीवर खडी फोडलेली. सोळाव्या लेण्यात मी त्यांना शिलालेखाचा अर्थ सांगत होतो : वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने हा विहार संघाला दान दिला. त्यांनी विचारले, "देल्लं त्यानं. फोडलं कोनं?"

घरातला पहिला पदवीधर मी. माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी त्यांना चोविसाव्या लेण्यात नेले. हा मोठा विहार अर्धवटच राहिला. आधी टिकावाने लांब बोळ खोदायचे, मग मधले दगड फोडून काढायचे, ही रीत तिथे उघडी दिसते. वडील तिथे बराच वेळ थांबले. रंगीत लेण्यांत ते इतके थांबले नव्हते.

जीर्णोद्धार म्हणजे धूप-दीप सुरू करा, असे माझे म्हणणे नाही. धुराने उरले रंगही जातील. माझा आक्षेप आपल्या पाहण्यावर आहे. विद्यार्थ्यांच्या सहली पहिल्या लेण्यातील पद्मपाणीपाशी गर्दी करतात, आणि वेळ संपला म्हणून चोविसावे वगळून परततात. यंदा माझ्या वर्गाची सहल मी तिथूनच सुरू करणार आहे.