‘श्यामची आई’ : परीक्षा कोणाची?

साने गुरुजींनीं ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत लिहिली. १९३५ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. आचार्य अत्रे यांनीं १९५३ सालीं तिच्यावर काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें. सुशिक्षित मराठी कुटुंबांत या पुस्तकाचें स्थान आतां ठरून गेलें आहे. मुलाचा आठवा-नववा वाढदिवस आला कीं तें त्याच्या हातीं द्यावें, आणि संस्कारांचें कार्य उरकलें असें समजावें! आमच्या कोल्हापुरांतील घरेंही यास अपवाद नाहींत; प्रस्तुत लेखकाचें तर मुळींच नाहीं. परंतु उतारवयांत तें पुन्हा लक्षपूर्वक वाचूं लागलें म्हणजे, हें मुलांपेक्षां वडीलधाऱ्यांसाठींच लिहिलें आहे कीं काय, अशी शंका येऊं लागते.

या ग्रंथावर नेहमीं घेतला जाणारा आक्षेप भावविवशतेचा. तो अगदींच निराधार नाहीं. सांगतांना श्याम वारंवार गहिंवरतो, आणि त्याचें निरूपण कित्येकदां मूळ प्रसंगाहून लांबतें. पण प्रसंग तेवढे वेगळे काढून पाहावे. स्नानानंतर पायांस माती लागूं नये म्हणून श्याम हट्ट धरतो; आई आपलें वस्त्र पसरून तो पुरविते, आणि मग पायांसारखी मनाच्या स्वच्छतेचीही काळजी घ्यावी असें सुचविते. येथें उपदेशाआधीं प्रेमाची कृति आली आहे, म्हणून तो जड होत नाहीं.

‘अळणी भाजी’ या प्रकरणांत तर उपदेशाची गरजच पडत नाहीं. भाजींत मीठ घालावयाचें राहिलें आहे. वडील एक शब्दही न बोलतां जेवतात, म्हणून मुलेंही बोलत नाहींत. आई स्वतः जेवावयास बसते तेव्हां तिला चूक उमगते. संयम हा शब्द पाटावर बसलेल्यांपैकीं कोणीही उच्चारला नाहीं. मुलांनीं तो डोळ्यांनीं पाहिला. हें प्रकरण मुलांस मोठ्यानें वाचून दाखविल्यावर त्याच रात्रीं प्रस्तुत लेखकानें आमटी खारट झाल्याची तक्रार केली. धाकट्या मुलीनें आपल्या बापाकडे नुसतें पाहिलें. त्या पाहण्यांत या ग्रंथाचें संपूर्ण परीक्षण होतें!

ही आई निर्दोष नाहीं, हें तिच्या चित्राचें खरें सामर्थ्य. पाण्यास भिणाऱ्या श्यामला ती मारते, आणि मागाहून त्याचे वळ पाहून तिलाच वाईट वाटतें. ‘देवाला सारीं प्रिय’ या प्रकरणांत एका वृद्ध महार स्त्रीची मोळी पडते. ती उचलून तिच्या डोक्यावर देण्यास आई श्यामला पाठविते. परंतु परत येऊन स्नान करण्यासही सांगते. या स्नानापाशीं आजच्या वाचकानें थबकलेंच पाहिजे. करवीरच्या शाहू महाराजांनीं गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलांत सर्वांदेखत चहा घेऊन जो विटाळ झुगारून दिला, तो कोंकणांतील या माउलीस पुरता झुगारतां आला नाहीं. एकीकडे राजसत्तेचें बळ होतें, दुसरीकडे गरीब घरांतील एका सुनेची भीड होती, हें खरें. तरी ती अर्ध्या वाटेवर थांबली हेंही खरें. लेखकानें तें झांकलें नाहीं, याबद्दल आपण त्याचे ऋणी असलें पाहिजे.

श्याम म्हणजे सर्वस्वीं साने गुरुजी नव्हेत, हें मान्य करूनही पुढील घटना विसरतां येत नाहीं. १९४७ च्या मे महिन्यांत पंढरपूरचें विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुलें व्हावें म्हणून गुरुजींनीं उपोषण केलें. आई जेथें थांबली तेथून मुलगा पुढें गेला. आणि मोळीला हात लावण्याचें पहिलें पाऊल आईनें टाकावयास लावलें नसतें, तर त्यास ही वाट कदाचित् दिसलीही नसती.

आपण पूर्ण झाल्यावरच मुलांस शिकवूं असें म्हणणाऱ्या पालकांस यांत मोठा धीर आहे. आणि स्वतः जागचें न हलतां मुलांनीं चालावें अशी अपेक्षा करणाऱ्यांस तितकीच मोठी ताकीद आहे. म्हणून हें पुस्तक मुलाच्या हातीं देण्यापूर्वीं आईबापांनीं एकवार स्वतः वाचावें, आणि त्यांतील तात्पर्य मुलांस समजावून सांगण्याची घाई करूं नये.