माती मिसळली म्हणजे गुण वाढला?

‘चिकणमातीच्या नॅनोकणांनी प्लास्टिकचे गुण सुधारतात’ असं वाक्य आपण हल्ली वाचतो. आज या वाक्याचीच चिकित्सा करू. तत्त्वज्ञानवाल्यांनी प्लास्टिकमध्ये कशाला पडावं, असं कुणी विचारेल. पण ‘गुण’ हा शब्द आला की आम्हाला गप्प बसवत नाही.

आधी वस्तुस्थिती. १९८०च्या दशकात जपानमध्ये टोयोटाच्या संशोधन प्रयोगशाळेनं नायलॉन-६ मध्ये माँटमोरिलोनाइट ही चिकणमाती घातली. वजनानं जेमतेम ४-५ टक्के. ताठपणा जवळजवळ दुप्पट झाला, ओढ सोसण्याची ताकद सुमारे दीडपट झाली. भाराखाली वाकण्याचं तापमान ६५ अंश सेल्सिअसवरून १५०च्या आसपास गेलं. पुढे याच द्रव्याचं टायमिंग बेल्टचं झाकण मोटारीत बसलं.

मग मातीनं गुण दिला म्हणायचं का? थांबा. हीच माती नुसती भुकटी करून ढवळली, तर ती निव्वळ भरताड राहते. तिचे पापुद्रे सुमारे एक नॅनोमीटर जाडीचे, पण एकावर एक चिकटलेले. त्यांच्यामधल्या सोडियमच्या आयनांच्या जागी कार्बनी आयन बसवावे लागतात. मग नायलॉनचा कच्चा माल आत शिरतो, तिथेच त्याच्या साखळ्या तयार होतात आणि पापुद्रे सुटे होऊन पसरतात. तेव्हा कुठे फरक दिसतो.

वैशेषिकांनी वस्त्राचं उदाहरण दिलं आहे. तंतू हे वस्त्राचं समवायी कारण, आणि तंतूंचा संयोग हे असमवायी कारण. सुताची गुंडी म्हणजे कापड नव्हे. आम्ही हे वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं, पण बोलताना गुण म्हणजे पिशवीतला माल, एका वस्तूतून काढून दुसरीत घालता येतो, असंच समजत आलो. ही चूक मातीच्या या पापुद्र्यांनी आमच्या पदरात घातली.

दुसरा आक्षेप ‘सुधारतात’ या क्रियापदावर. त्याच नायलॉनची तुटण्याआधी ताणलं जाण्याची क्षमता बरीच घटली. इंजिनाजवळच्या झाकणाला ते चालतं. ज्या वस्तूला लवचीकपणा हवा, तिला तो बिघाडच. पापुद्रे आडवे आल्यानं वायूला वळसे घेत जावं लागतं, म्हणून वेष्टनातलं अन्न अधिक टिकू शकतं. पण वेष्टन फेकल्यावर ते पापुद्रे प्लास्टिकमधून पुन्हा वेगळे काढणं सोपं नाही. हा हिशोब ‘सुधारणा’ या शब्दात मांडलेला नसतो.

प्रयोग खोटा आहे, असं आपण म्हणत नाही. तो उत्तमच आहे. आपला आक्षेप अर्धवट वाक्याला आहे. ‘सुधारित’ असं लिहिलेलं दिसलं की विचारावं: कोणत्या कामासाठी, आणि कोणता गुण गमावून? उत्तर मिळालं, तर ते विज्ञान. नाही मिळालं, तर ती जाहिरात समजावी.