घराची किंमत आणि वर्णाची किंमत : लॉरेन हॅन्सबेरी यांच्या 'अ रेझिन इन द सन' या नाटकाचे पुनर्वाचन

प्रास्ताविक :
भेदभावाचा कायदा रद्द झाला की विषमता ओसरते, असे गृहीत धरण्याकडे अभ्यासकांचाही कल असतो. अमेरिकेतील १९६४ चा नागरी हक्क कायदा व १९६८ चा गृहनिवासविषयक कायदा यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु त्यांच्यानंतरही वर्णविषमता का टिकून राहिली, हा प्रश्न उरतोच. लॉरेन हॅन्सबेरी (१९३०-१९६५) यांच्या 'अ रेझिन इन द सन' या नाटकात या प्रश्नाचे उत्तर हे कायदे होण्यापूर्वीच सूचित झाले आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

नाट्यवस्तू :
११ मार्च १९५९ रोजी ब्रॉडवेवर आलेले हे नाटक तेथे सादर झालेले कृष्णवर्णीय लेखिकेचे पहिले नाटक होय. शिकागोच्या दक्षिण भागात दाटीवाटीने राहणाऱ्या यंगर कुटुंबाला वडिलांच्या विम्याचे १०,००० डॉलर मिळतात. आई लीना त्यांतील ३,५०० डॉलर भरून क्लायबोर्न पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. उरलेले ६,५०० डॉलर मुलगा वॉल्टर ली दारूच्या दुकानाच्या व्यवहारात गमावतो. बहीण बेनिथाच्या वैद्यकीय शिक्षणाचा पैसाही त्यातच जातो.

विनम्रतेची भाषा :
वस्तीच्या वतीने येणारा कार्ल लिंडनर हे नाटकातील सर्वांत अर्थपूर्ण पात्र आहे. तो स्वागत समितीचा प्रतिनिधी म्हणून येतो, संकोचत बोलतो, कष्टाळू रहिवाशांच्या स्वप्नांचा दाखला देतो आणि अधिक रक्कम देऊन घर परत विकत घेण्याचा प्रस्ताव मांडतो. वर्णद्वेषाचा येथे संबंध नाही, असेही तो आवर्जून सांगतो. आधुनिक विषमतेचे स्वरूप हॅन्सबेरी यांनी येथे नेमके पकडले आहे. तिला द्वेषाची गरज उरत नाही. सभा, ठराव आणि धनादेश तिला पुरेसे असतात.

किंमतीचे गणित :
लीनाने ही वस्ती गोऱ्यांच्या शेजाराच्या ओढीने निवडलेली नाही. कृष्णवर्णीयांसाठी दूरवर बांधलेल्या घरांची किंमत जवळजवळ दुप्पट असल्याचे ती सांगते. या साध्या विधानामागे एक संपूर्ण व्यवस्था आहे. करारांनी बहुतेक वस्त्या बंद केल्यामुळे उरलेल्या थोड्या घरांसाठी मागणी दाटत असे. १९३४ पासून संघीय गृहनिर्माण प्रशासनाने कृष्णवर्णीय वस्त्यांतील कर्जांना विमासंरक्षण नाकारल्याने साधे गृहकर्जही दुरापास्त होते. मग हप्त्यांच्या करारावर घर घ्यावे लागे. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी मिळत नसे आणि एखादा हप्ता चुकला तरी सर्व रक्कम बुडण्याची भीती असे.

लेखिकेचे वडील कार्ल हॅन्सबेरी यांनी १९३७ मध्ये अशाच बंद वस्तीत घर घेतले. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला, परंतु तो प्रक्रियात्मक मुद्द्यावर. कराराच्या वैधतेचा प्रश्न अनिर्णित राहिला. अशा करारांची न्यायालयामार्फत अंमलबजावणी १९४८ मध्ये थांबली. तोवर एका पिढीची बचत वाया गेली होती. सामान्य कुटुंबाची संपत्ती प्रामुख्याने घरात साठते व वारशाने पुढे जाते. म्हणूनच फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक निव्वळ संपत्ती २,८५,००० डॉलर, तर कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९०० डॉलर आढळते. कायद्याने दार उघडले. बाहेर घालविलेल्या वर्षांची भरपाई मात्र त्याने केली नाही.

नाटकाची मर्यादा :
वॉल्टर अखेरीस लिंडनरचा प्रस्ताव नाकारतो व कुटुंब नव्या घराकडे निघते. हा शेवट अनेकांनी सुखान्त मानला. कृष्णवर्णीयांच्या घरावरील बॉम्बहल्ल्याची बातमी आणणाऱ्या शेजारणीचा प्रवेश मूळ प्रयोगातून वगळला गेल्यामुळे या समजाला बळच मिळाले. तथापि येथे संहितेचीही एक मर्यादा दिसते. मित्राने केलेल्या फसवणुकीला संपूर्ण अंक मिळतो, तर दुप्पट किंमतीच्या रूपाने होणाऱ्या मोठ्या लुटीच्या वाट्याला लीनाचे ते ओझरते विधानच येते. परिणामी सामूहिक अन्यायाचे उत्तर एका पुरुषाच्या स्वाभिमानात शोधले जाते. हा स्वाभिमान खराच आहे. पण त्याने बेनिथाचे शुल्क भरले जात नाही.

निष्कर्ष :
१९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेतली, तेव्हापासून मराठी समीक्षेने या दोन साहित्यांची तुलना प्रामुख्याने वेदना व विद्रोह या सूत्रांवर केली. ती आवश्यक होती, पण पुरेशी नाही. वेदना कोणत्या व्यवहारातून निर्माण होते, कर्ज कोण नाकारते, घर कोण देत नाही आणि नकार किती सभ्य शब्दांत दिला जातो, हेही तुलनेचे विषय व्हावयास हवेत. त्यासाठी वॉल्टरच्या आक्रोशाइतक्याच बारकाईने लिंडनरची विनम्र वाक्येही वर्गात वाचली जाणे आवश्यक आहे.