म्हशीचे पंख

‘बफेलो विंग्ज’ हे नाव प्रथम कानावर पडलं तेव्हा म्हशीला पंख फुटलेले दिसले. पण बफेलो हे न्यूयॉर्क राज्यातलं शहर आणि पंख कोंबडीचे. १९६४ साली तिथल्या ‘अँकर बार’मध्ये तेरेसा बेलिसिमो या बाईंनी, एरवी सुपाच्या पातेल्यात जायचे ते पंख तळून तिखट सॉस-लोण्यात घोळवले, असं सांगतात.

आम्ही ते ओव्हनमध्ये केले. करणारा मी आणि समीक्षकही मीच, तेव्हा निःपक्षपातीपणाची हमी नाही. पहिली आवृत्ती साफ पडली. सॉस आधीच चोपडल्यामुळे पंख भिजलेल्या छत्रीसारखे लिबलिबीत! दुसऱ्या खेपेस पंख कोरडे पुसून, चिमूटभर बेकिंग पावडर लावून, २२० अंशांवर पाऊण तास भाजले आणि सॉस शेवटी. कातडी कुरकुरीत! तळणीची सर नाही, पण तेलाची बचत.

सोबतच्या डिपला ब्लू चीज लागतं. आपल्याकडे बुरशी आली की वस्तू फेकतात. तिकडे भाव वाढतो. मी चक्क्यात लसूण घालून भागवलं. तिखटावर दूधदुभतंच उतारा, पाणी नव्हे.

खरी समीक्षक आई. लहानपणी तंगड्या आम्हा भावंडांना, पंख तिच्या पानात. “मला पंखच आवडतात,” म्हणायची. म्हणून तिला मोठ्या प्रेमाने सहा वाढले. तिने एक चाखला, पान न्याहाळलं आणि हळूच विचारलं,

“तंगडी नाही का रे केलीस?”