दृश्य शोध: मध्यवर्ती व परिघीय दृष्टी – ‘एकेक वस्तू’ या गृहीतकाची चिकित्सा

कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूरहून तंजावर सुमारे ४० किलोमीटरवर आहे. तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसरे सरफोजी राजे यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. समजा, त्यात ‘शहाजी’ हे नाव तुम्हाला शोधायचे आहे. डोळे नेमके काय करतील?

पाठ्यपुस्तकांतील उत्तर बहुधा ट्रीझमन व गेलाड यांच्या १९८० च्या सिद्धान्तावर उभे असते. एकच वैशिष्ट्य वेगळे असेल तर वस्तू चटकन उठून दिसते. वैशिष्ट्यांचा संयोग शोधायचा तर अवधान एकेका वस्तूवर फिरवावे लागते. या मांडणीने संशोधनाला शिस्त लावली, हे मान्य करायलाच हवे. पण डोळ्याला सगळीकडे सारखेच स्पष्ट दिसते, असे ती जणू धरून चालते.

हात लांब करून अंगठ्याकडे पाहा. सूक्ष्म तपशील जवळपास त्याच्या रुंदीएवढ्याच भागात मिळतो. त्याबाहेर अक्षरे धूसर होतात आणि शेजारच्या अक्षरांत मिसळतात. बाउमा यांनी १९७० मध्ये दाखवले, की नजरेच्या केंद्रापासून अक्षर जितके दूर, त्याच्या साधारण निम्म्या अंतराच्या आत दुसरे अक्षर आले की ओळख बिघडते. म्हणजे शोधाचा वेळ केवळ वस्तूंच्या संख्येवर नव्हे, तर एका नजरेत किती उलगडते यावरही ठरतो. हुलेमन व ऑलिव्हर्स यांचा २०१७ मधील आक्षेप हाच आहे.

मात्र उलट टोकही गाठू नका. नुटमान यांच्या २०१४ च्या प्रयोगांत दृश्यांतील वस्तू शोधताना नजरेचा अगदी मधला भाग अस्पष्ट केला, तरी शोध जवळपास नेहमीसारखा झाला. पण दृश्यात मांडणी वाट दाखवते: भांडे ओट्यावर असणार, हे आधीच ठाऊक असते. शिलालेखात तशी मदत कमी. कडेची नजर फार तर ‘जी’ने संपणारे काहीतरी दाखवील, ते शहाजी, एकोजी की तुळजाजी, हे मध्यवर्ती दृष्टीच ठरवते. म्हणून दृश्यांवरचा निष्कर्ष मजकुराला जसाच्या तसा लावता येत नाही.

हा वाद वर्गापुरता नाही. डोळ्यांचा तक्ता मुख्यतः मध्यवर्ती दृष्टी तपासतो. काचबिंदूचा रुग्ण तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचू शकतो, आणि तरीही टेबलावरच्या किल्ल्या त्याला सापडत नाहीत. ‘नजर चांगली आहे’ म्हणून घरचे त्याला वेंधळा ठरवतात. ‘एकेक वस्तू’ एवढेच शिकलेला विद्यार्थीही तीच चूक करील.

स्वाध्याय: तुमच्या गावातील एखाद्या फलकावर एक नाव शोधा. वाट कडेच्या नजरेने केव्हा दाखवली आणि खात्री मधल्या नजरेने केव्हा केली, ते नोंदवा.